दाजी, तुमचा डावा हात

दाजी, परवा तुमच्या घरी गेलो तर चहा ताईनं आणून दिला. उजव्या हातानं, बशीसकट, कुठल्याही घरात मिळतो तसा. मी कप घेतला आणि तसाच धरून बसलो. इतक्या वर्षांत त्या घरात मला तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणी चहा दिलेला नव्हता. ताई आतून कप आणून तुमच्यापुढं टेबलावर ठेवायची आणि पुढचं काम तुमचं असायचं. पाहुणा कुणी का असेना, नात्यातला, कंपनीतला, गॅसची टाकी घेऊन आलेला, तुम्ही डाव्या हातानं कप उचलून त्याच्यापुढं धरायचात आणि कपाकडं न बघता त्याच्या तोंडाकडं बघायचात. घेतोय का, कसा घेतोय, घेताना नजर तुमच्या मोकळ्या उजव्या बाहीकडं जाते का. एका कपात माणसाची परीक्षा व्हायची. तो गेल्यावर तुम्ही ताईला निकाल सांगायचात, आणि नापास झालेल्यालाही पुढच्या वेळी चहा मिळायचाच.

माझा निकाल तुम्ही कधी सांगितला नाहीत. मी ताईचा धाकटा भाऊ, म्हणजे तुमचा मेव्हणा, आणि मेव्हण्याला सरळ उत्तर द्यायचं नाही हा तुमच्या नेसरी गावचा कायदा. मला नावानं हाक मारल्याचंही आठवत नाही. मूड चांगला असला की 'पावणं', वाद घालायचा असला की 'मास्तर'. बहुतेक वेळा मास्तरच.

आता घरी लोक भेटायला येतात. बसतात, ताईला धीर देतात, आणि बोलता बोलता प्रत्येकाच्या तोंडात तो एक शब्द येतोच. 'बिचारा.' हात गेला, पण हसून राहिला बिचारा. छातीत दुखतंय म्हणाला आणि कुणाला त्रास न देता गेला बिचारा. ताई मान हलवते. मी मात्र आतून चडफडतो, कारण हा शब्द तुमच्यासमोर उच्चारायची त्यांची छाती नव्हती. तुम्ही गेल्यावर आठवड्याच्या आत त्यांनी तो पुन्हा काढला. म्हणून हे लिहायला बसलोय, दाजी. तुम्हाला सांगण्यासारखं यात नवीन फार नाही. पण तुम्ही ज्यासाठी एवढी वर्षं भांडलात ते असं चहाबरोबर गिळलं जाऊ नये असं मला वाटतं.

ते काय होतं, ते मला समजायला वेळ लागला. तुम्हाला हात परत नको होता. तो मिळणार नाही हे तुम्ही आमच्या सगळ्यांच्या आधी ओळखलंत. तुम्हाला एवढंच हवं होतं की डाव्या हातानं तुम्ही कुणाला काही दिलं, तर ते दिलं असं धरावं. नुसतं घेणारा माणूस म्हणून तुम्हाला जगायचं नव्हतं.

अपघाताचं आपण कधी सलग बोललो नाही. तुकड्या-तुकड्यांनी बोललो, आणि प्रत्येक तुकड्याचा शेवट वादात झाला. शिरोलीतल्या त्या कारखान्याच्या शॉपमध्ये पत्र्याचे पार्ट दाबून काढणाऱ्या प्रेस होत्या. प्रेसला दोन बटणं, दोन हातांना दोन. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येणार, म्हणजे तो येईल तेव्हा दोन्ही हात बाहेर असणार. मशीन बनवणाऱ्यानं एवढा विचार केला होता. पण मजुरी पीसवर, आणि दोन्ही हात बटणांवर गुंतले की पीस कमी निघतात. म्हणून तुमच्याकडं सगळेच एका बटणात लाकडाची बारीक पाचर मारायचे. ते बटण दाबलेलंच राहायचं. मग एका हातानं पीस आत ठेवायचा आणि दुसऱ्यानं बटण दाबायचं. नव्या माणसाला मशीन दाखवायच्या आधी पाचर कशी मारायची ते दाखवत. सुपरवायझर बघायचा आणि पुढं जायचा. खंडेनवमीला त्याच प्रेसला झेंडूचे हार घालत, नारळ फोडत, पेढे वाटत, आणि दसऱ्याची सुट्टी संपली की परत पाचर.

त्या दिवशी उजवा हात आत होता.

मी तेव्हा म्हणालो, रीतसर तक्रार करू या. कंपनीच्या डोळ्यांदेखत हे चालत होतं, मग दोष एकट्या तुमच्या डोक्यावर का? तुम्ही खाटेवर पडल्या पडल्या म्हणालात, "साहेब पैला प्रश्न काय इचारणार? पाचर कुणी मारली? मीच मारलीती की, मास्तर." मी म्हणालो, मारायला शिकवलं कुणी, मारू दिली कुणी, ते विचारायला नको? तुम्ही तोंड भिंतीकडं वळवलंत. भरपाईचं पुढं जे काय झालं ते झालं, पण हा प्रश्न आपल्यात तसाच लोंबकळत राहिला. दर दिवाळीला फराळाच्या ताटावर तो कुणीतरी एक काढायचा. तुम्ही गेलात म्हणून मी तुमची बाजू मान्य करीन अशी आशा धरू नका. मी अजून माझ्याच बाजूला आहे.

पण एक सांगतो. तक्रार केली नाहीत, तरी तुम्ही गप्प बसला नाहीत. जखम भरल्यावर कंपनीनं तुम्हाला गेटवर बसवायचं ठरवलं होतं. वहीत गाड्यांचे नंबर टिपायचे आणि सलाम ठोकायचा. तुम्ही भांडून आत डिस्पॅचला गेलात. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी प्रेसच्या रांगेतनं फिरायचात आणि दिसेल ती पाचर उपसून खिशात टाकायचात. तुमचं ते काम नव्हतं. लोक वैतागायचे. पीस कमी निघतात, घरी काय न्यायचं, असं तोंडावर बोलायचे. तुमच्याच बाजूच्या प्रेसवर वर्षानुवर्षं बसलेला तुमचा दोस्त एकदा म्हणाला, तुझा गेला म्हणून आमच्या पोटावर का पाय द्यालायस? हे मला त्यानंच सांगितलं, परवा, तुमच्या अंगणात बसून. तुम्ही त्याला म्हणाला होतात, "बायको भरवती का तुला जेवताना? मला भरवालती. ल्हान लेकरागत." दोस्त म्हणाला, त्यानंतर मी पाचर मारली नाही.

भरवण्याचं ते खरंच होतं. आमच्या घरातलं सगळ्यात अवघड वर्ष ते. आपल्याकडं डावा हात म्हणजे सकाळच्या लोट्याचा हात. ज्या हातानं धुवायचं त्या हातानं खायचं नाही, द्यायचं नाही, देवाचं काही घ्यायचं नाही. यावर कुणी वाद घालत नाही, कारण तोवर कुणावर तशी वेळ आलेली नसते. आता दोन्ही खात्यांचा कारभार एकाच हाताकडं आला. माझी आई म्हणाली, साबण लावून धुतला की झालं, देवालाही कळतं. मी चमचे आणून दिले. ताई रडली, रागावली, उपाशी ठेवायची धमकीही देऊन झाली. तुम्ही तोंड उघडायचात, ताई घास द्यायची, आणि अश्विनी, तेव्हा शाळेत जाणारी तुमची एकुलती एक लेक, समोर बसून ताटातल्या भाकरीकडं बघत राहायची. आम्हाला सगळ्यांना वाटलं, तुम्हाला डाव्या हातानं जेवायची शिसारी येते. जुन्या वळणाचा माणूस, येणारच.

त्या वर्षी नेसरीला म्हाई, म्हणजे गावदेवीची जत्रा होती. गावजेवण, मटणाचा बेत, पाहुण्यांनी भरलेली गल्ली. थोरल्या बापूंनी हट्टानं बोलावलं म्हणून मी तुम्हाला स्कूटरवर घेऊन गेलो. बापू म्हणजे तुमचे सख्खे थोरले भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हा स्वतःची शाळा सोडून त्यांनी तुम्हाला आयटीआयपर्यंत शिकवलं. अपघातानंतर त्यांच्या तोंडात एकच वाक्य असायचं, "शिवा, तू बस." पाणी हवं, शिवा तू बस. दार उघडायचंय, शिवा तू बस. पंगतीत त्यांनी तुम्हाला शेजारी घेतलं, तुमच्या ताटातलं मटण बारीक केलं, घास कालवला आणि चारचौघांत तुमच्या तोंडापुढं धरला. किती प्रेमानं धरला होता ते मी पाहिलंय. तुम्ही पोट बिघडलंय म्हणालात आणि उठलात.

परत येताना तुम्ही माझ्या मागं बसला होतात.  गडहिंग्लज मागं पडल्यावर माझ्या कानाशी आवाज आला. "पावणं, शिसारी न्हाय वो येत. ह्याच हातानं बटण दाबलं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. उजवा हात पीस ठेवायला आत गेला होता आणि बटण डाव्यानं दाबलं होतं. म्हणजे तुमचाच एक हात दुसऱ्याला घेऊन गेला. वर्षभर तुम्ही त्या हातावर रुसला होतात. त्याला काही द्यायचं नाही, त्याच्याकडून काही घ्यायचं नाही, त्यानं भरवलेला घास खायचा नाही. घरातल्या घरात भाऊबंदकी असते तसं तुमच्या एका अंगात चाललं होतं, आणि आम्ही चमचे आणत होतो.

मी चित्रकलेचा मास्तर. पोरांना सांगत असतो की माणसाच्या अंगात हात काढणं सगळ्यात अवघड, चेहरा परवडला. त्या हाताबद्दल चार शहाणपणाचे शब्द मला तेव्हा सुचायला हवे होते. तुमचा चेहरा दिसत नव्हता, समोर उसाचा ट्रॅक्टर होता, आणि माझ्या तोंडून निघालं, "दाजी, भजी खायची का?"  मग मागून हसू ऐकू आलं, घोगरं, वर्षभर न वापरलेलं. रस्त्याकडेच्या टपरीवर थांबलो. कांदाभज्यांची प्लेट आली. तुम्ही डाव्या हातानं एक उचललंत, चटणीत बुडवलंत आणि खाल्लंत. बाकड्यावर बसलेली दोन माणसं बघत होती. तुम्ही त्यांच्याकडं बघत दुसरं खाल्लंत. मग तिसरं माझ्यापुढं धरलंत आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिलात. आता लिहिताना लक्षात येतंय, तुमची ती परीक्षा माझ्यापासून सुरू झाली. घाईघाईनं घेतलं आणि जीभ भाजली एवढं आठवतं.

त्यानंतर तुम्ही सुटलातच. माझ्याकडं अक्षर गिरवायला बसलात. बँकेत डाव्या हाताची सही जुन्या सहीशी जुळेना म्हणून कारकुनानं अंगठा द्या म्हटलं, ते तुम्हाला लागलं होतं. आयटीआय पास माणूस, अंगठा देणार? वर तुम्हीच मला सांगितलंत की बाप्या माणसाचा अंगठा डाव्या हाताचाच घेतात, सरकारला तेवढा एक डावा चालतो. मी तुम्हाला पहिलीच्या पोरांसारख्या उभ्या-आडव्या रेघा काढायला लावल्या. मनगट सैल ठेवा म्हटलं की तुमचं ठरलेलं, "मास्तर, शिवी देऊ का?" शेवटी सही बसली. जरा मागं रेलल्यासारखी, पण तुमची. तुम्ही बँकेत गेलात, त्याच खिडकीवर सही केलीत आणि येताना ताईला फुलं आणलीत. सहीचा आनंद झाला की त्या कारकुनाला गप्प केल्याचा, ते ताईला आजवर कळलेलं नाही.

मग गल्लीतल्या गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद वाटायला पुढं व्हायला लागलात. तिथं मात्र लोक अडखळायचे. कुणी मुद्दाम दुसऱ्याच्या ताटाकडं वळायचा. एका आजीनं प्रसाद घेतला, पाच पावलं गेली आणि तो हळूच कट्ट्यावर ठेवला. हे तुम्ही पाहिलंत आणि मीही पाहिलं. घरी येताना मी म्हणालो, दाजी, कशाला? तुम्ही ताट धरा, वाटू दे दुसऱ्या कुणाला. लोकांना सवय नाही, त्यांनाही कसंतरी होतं. तुम्ही म्हणालात, "मग लावू की सवय. माझी मला लागली, त्यास्नी लागायला काय झालं?" पुढच्या वर्षी त्या आजी परत समोर आल्या. तुम्ही प्रसाद दिलात आणि त्यांच्याशी गुडघेदुखीवर इतका वेळ बोलत राहिलात की बोलता बोलता त्यांनी तो खाऊन टाकला.

आपला सगळ्यात मोठा वाद अश्विनीच्या लग्नाचा. तोही अर्धाच राहिलाय.

बापू नेसरीहून खास आले होते. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, कन्यादानाला मी आणि तुझी वहिनी बसतो, तुम्ही दोघं शेजारी खुर्चीवर बसा. त्यांच्या मनात तसूभर काळंबेरं नव्हतं. भरल्या मांडवात सगळ्यांच्या नजरा तुमच्या बाहीवर खिळू नयेत, गुरुजींनी ओंजळ धरा म्हटल्यावर तुमची फजिती होऊ नये, एवढंच. तुम्ही डाव्या हातानं चहाचा कप त्यांच्यापुढं धरलात. बापू जाताना दारात म्हणाले, "शिवा, तू बस. म्या करतो समदं."

त्या संध्याकाळी रंकाळ्यावर मी वेगळाच तोडगा काढला. अपंगांसाठीच्या एका शिबिरात तुम्हाला नकली हात मिळाला होता, तो कपाटावर पडून होता. रंग तुमच्यापेक्षा कितीतरी गोरा. तुम्ही म्हणायचात, कुठल्या तरी सायबाचा बसवलाय मला. मी म्हणालो, त्या दिवसापुरता घाला, वर शाल येईल, फोटोत कळणार नाही, बापूंचाही मान राहील. तुम्ही इतके चिडलात की भेळेचा कागद हातातच चुरगळलात. "लेक कुणाची? माझी का त्या रबराची?" मी म्हणालो, प्रश्न लेकीचा नाही, लोकांचा आहे. तुम्ही म्हणालात, लोक जेवून जातील. मग जरा थंड झालात आणि वर टोमणा मारलात, "लेक उजवायला उजवाच हात लागतोय असं कुठं लिवलंय, मास्तर? तुम्ही शिकल्यालं, दावा की."

लिहिलेलं कुठं सापडलं नाही. पण मला अजून वाटतं, बापूंना आदल्या दिवशी स्पष्ट सांगायला हवं होतं. तुम्ही म्हणालात, सांगितलं तर ते रडतील आणि मग मला नाही म्हणता येणार नाही. तेही खरंच.

मांडवात मामा म्हणून मी अश्विनीच्या मागं उभा होतो, त्यामुळं सगळं जवळून पाहिलं. बापानं ओंजळ धरायची, आईनं तांब्यातून त्यात धार सोडायची आणि ते पाणी बापाच्या ओंजळीतून लेक-जावयाच्या हातांवर पडायचं, अशी ती रीत. गुरुजींनी सवयीनं म्हटलं, ओंजळ करा. म्हटल्यावर त्यांच्याही लक्षात आलं आणि ते थांबले. बापू खुर्चीतून उठले, उपरणं सावरत पुढं आले. तुम्ही मान वर केलीत आणि अगदी हळू म्हणालात, "बापू, आज तुम्ही बसा."

त्यांचेच शब्द त्यांना परत मिळाले. बापू आहे तिथं थांबले, मग मागं जाऊन बसले. त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

तुम्ही डावा तळवा पुढं केलात. एकटाच. एका तळव्यात किती पाणी राहणार? तेवढ्यात ताईनं हातातला तांब्या माझ्याकडं दिला. काही ठरलं नव्हतं, मी तिला नंतर विचारलंय. तिनं आपला उजवा तळवा तुमच्या डाव्याला लावला. ओंजळ झाली. गुरुजींनी एकदा बघितलं आणि मंत्र पुढं सुरू केले. धार मी धरली. दोन माणसांची ओंजळ म्हणजे मधे फट राहणारच, अर्धं पाणी तुमच्या धोतरावर गेलं, थोडं माझ्या पायांवर. पण राहिलेलं जिथं पडायचं तिथं पडलं. अश्विनी खाली मान घालून रडत होती, आणि तुम्ही मात्र हसत होतात. एवढं खूश मी तुम्हाला पुन्हा पाहिलं नाही.

बापू त्या दिवशी जेवून गेले, सगळ्यांशी नीट बोलले. पण त्यानंतर दोघा भावांत काहीतरी बारीक तुटलं. येणं-जाणं राहिलं, म्हाईचं बोलावणं राहिलं, तांदळाचं पोतं येत राहिलं. फक्त 'शिवा, तू बस' बंद झालं, आणि त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही. बापूंना वाटत राहिलं की जन्मभर ज्याला सांभाळलं त्यानं भर मांडवात खाली बसवलं. तुम्ही गेल्या उन्हाळ्यात गच्चीवर मला म्हणालात, "बापूंस्नी एकदा सांगायचं ऱ्हायलंय. त्यांचं काय चुकलं न्हवतं. पर मला बी बसून ऱ्हायचं न्हवतं." मी म्हणालो, मग सांगा की, फोन लावू का? तुम्ही म्हणालात, फोनवर न्हाय, नेसरीला जाऊन सांगतो. ते तुम्हाला जमलंच नाही.

दाजी, आभार मानले असते तर तुम्ही शिवीच दिली असती, म्हणून जिवंतपणी मानले नाहीत. आता द्या शिवी. शाळेत एक बाई त्यांच्या मुलीला घेऊन आल्या होत्या. पोरगी डावरी, तिचा हात बदलून द्या म्हणत होत्या, पुढं सासरी लोक नावं ठेवतील. पूर्वी अशा वेळी मी 'बघू' म्हणून वेळ मारून नेली असती. त्या दिवशी मी त्यांना बसवून तुमची गोष्ट सांगितली, भज्यांपासून ओंजळीपर्यंत. त्या ऐकत राहिल्या. पोरगीनं मधेच विचारलं, ते आजोबा मला भेटतील का? मी हो म्हणालो. तुम्हाला सांगणार होतो, आणि दोन दिवसांनी ताईचा फोन आला.

आता रक्षाविसर्जनाचं सांगतो, कारण तुम्हाला ते दिसलं असेल यावर माझा काही विश्वास नाही आणि तुम्हाला ते माहीत असायला हवं. सकाळी सगळे पंचगंगेच्या काठी जमलो. अग्नी अश्विनीनंच दिला होता, त्यामुळं पहिलं पाणी घालायचा मानही तिचा. तिनं तांब्या डाव्या हातात घेतला. कडेला उभे असलेले एक वयस्कर पाहुणे मायेनंच म्हणाले, उजव्या हातानं घाल, बाळ. ती थांबली. आवाज चढवला नाही.

"आप्पांनी मला समदं ह्याच हातानं दिलंय," ती म्हणाली. "मी बी ह्याच हातानं देणार."

तिनं पाणी घातलं. तिच्यानंतर बापूंची पाळी. त्यांनी तिच्याकडून तांब्या घेतला, तो उजव्या हातात. रक्षेसमोर बराच वेळ उभे राहिले. मग तांब्या डाव्या हातात घेतला. ऐंशीच्या घरातला माणूस, त्या हातानं कधी कुणाला काही दिलेलं नाही. तांब्या भलतीकडंच कलला आणि पाणी त्यांच्याच पायांवर सांडलं. उजवा हात आपोआप सावरायला आला, तो त्यांनी ओढून पाठीमागं नेला. तांब्या पुन्हा भरून मागितला. मी भरून दिला. पुन्हा अर्धं बाहेर गेलं, अर्धं तुमच्यावर पडलं. त्यांना धरायला कुणी पुढं झालं नाही, मीही नाही. रिकामा तांब्या तसाच डाव्या हातात धरून बापू खाली वाकले आणि तुम्ही समोर बसला आहात अशा आवाजात म्हणाले,

"शिवा, कसं रं केलंस हे समदं?"